दुसरी किल्ली

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक रोखपालाकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. एकट्या रोखपालाने आपली किल्ली फिरवली तर तिजोरी उघडत नाही, आणि एकट्या अधिकाऱ्याने फिरवली तरीही उघडत नाही. सकाळी दोघांनी मिळून ती उघडायची, संध्याकाळी दोघांनी मिळून रोकड मोजायची, तिजोरी बंद करायची आणि आपापली किल्ली घेऊन आपापल्या घरी जायचे. या किल्ल्यांचा जादा जोडही त्याच शाखेत ठेवत नाहीत. तो सीलबंद होऊन दुसरीकडे जातो. दोघांपैकी एकजण रजेवर निघाला तर सगळी रोकड नव्याने मोजली जाते, रजिस्टरात नोंद होते, सह्या होतात आणि मगच किल्ली हात बदलते. कोट्यवधी रुपयांची उलाढाल ज्या व्यवसायात होते, त्याचा पाया एवढा साधा आहे.

१९८२ साली मी बँकेत अधिकारी म्हणून लागलो आणि एका तालुक्याच्या गावी पहिली नेमणूक झाली. तिथल्या मुख्य रोखपालांना सारी शाखा अण्णा म्हणे. निवृत्तीला चार-पाच वर्षे राहिलेला, धोतर-कोटातला माणूस. एका शनिवारी मला घरी जायची घाई होती. त्या काळी शनिवारी बँक अर्धा दिवस असे आणि तीनची एस.टी. चुकली तर पुढची सहाला होती. रोकड अर्धीच मोजून झाली होती. मी खिशातली किल्ली काढून अण्णांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "अण्णा, तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तुम्हीच बंद करा, सोमवारी मी किल्ली घेतो."

अण्णांनी किल्लीला हात लावला नाही. चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाले, "साहेब, विश्वास तुमच्याजवळ ठेवा आणि किल्लीसुद्धा. दोन्ही किल्ल्या माझ्याकडे आल्या की सोमवारी पैसे बरोबर भरले तरी मी संशयित, आणि कमी भरले तर मी चोर. मला आज रात्री घरी जाऊन झोपायचंय."

एस.टी. चुकली. आम्ही रोकड मोजली, तिजोरी बंद केली आणि सहाच्या गाडीपर्यंत स्टँडवरच्या हॉटेलात भजी खात बसलो. त्या दिवशी मला ते म्हाताऱ्या माणसाचे आडमुठेपण वाटले होते. सदतीस वर्षांची नोकरी करून २०१९ साली निवृत्त झालो, तेव्हा प्रशासन या विषयावर मला जे काही कळले होते, त्यातले निम्मे अण्णांच्या त्या एका वाक्यात होते असे लक्षात आले. उरलेले निम्मे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. त्या चुकीविषयी पुढे लिहिणारच आहे.

प्रशासनाची किंवा व्यवस्थापनाची कार्ये कोणती, हा आपल्याकडे परीक्षेतला प्रश्न आहे. बारावी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी ती घडाघडा सांगतो. नियोजन, संघटन, कर्मचारी व्यवस्थापन, निर्देशन, समन्वय, नियंत्रण. प्रत्येकावर चार ओळी लिहिल्या की गुण मिळतात आणि पुढच्या वर्षी सारे विसरले तरी चालते. पण ही यादी कुणा पंतोजीने गुण वाटण्यासाठी केलेली नाही. ती खाणीत तयार झाली आहे.

हेन्री फेयॉल हा फ्रान्समधला खाण-अभियंता. १८६० साली तो कोमांत्री इथल्या कोळशाच्या खाणीवर नोकरीला लागला. १८८८ साली त्याच्याकडे कंपनीची सूत्रे आली, तेव्हा ती बुडण्याच्या बेतात होती. १९१८ साली तो निवृत्त झाला तेव्हा ती भक्कम पायावर उभी होती. हे आपल्या अभियांत्रिकीच्या ज्ञानामुळे घडले असे फेयॉल कधी म्हणाला नाही. खाण तीच, कोळसा तोच, माणसेही बरीचशी तीच. बदलला तो कारभार, असे त्याचे म्हणणे. १९१६ साली त्याने आपले विचार प्रसिद्ध केले आणि कारभाराची पाच अंगे सांगितली. पुढचे पाहणे, रचना करणे, आज्ञा देणे, मेळ घालणे आणि पडताळणे. १९३७ साली अमेरिकेत ल्यूथर ग्युलिक याने सरकारी कारभाराचा विचार करताना त्यांची सात कलमे केली आणि त्यांच्या आद्याक्षरांवरून 'पोस्डकॉर्ब' असा एक ओबडधोबड शब्द घडवला. नियोजन, संघटन, नोकरभरती, निर्देशन, समन्वय, अहवाल आणि अंदाजपत्रक ही ती सात. लोकप्रशासनाच्या विद्यार्थ्यांना हा शब्द अजून पाठ करावा लागतो.

फेयॉलच्या तरुणपणची एक हकीकत मला त्याच्या साऱ्या सिद्धान्तांहून मोलाची वाटते. १८६१ साली खाणीत काम करणाऱ्या एका घोड्याचा पाय मोडला. विशीतल्या फेयॉलने दुसरा घोडा मिळावा म्हणून चिठ्ठी लिहिली. तबेल्याच्या माणसाने घोडा दिला नाही, कारण चिठ्ठीवर व्यवस्थापकांची सही नव्हती. व्यवस्थापक त्या दिवशी हजर नव्हते आणि त्यांच्या जागी सही कुणी करायची हे कुणालाच सांगितलेले नव्हते. तबेल्यात घोडे उभे होते, खाणीत माणसे उभी होती, आणि काम बंद. फेयॉलने आपल्या वहीत धडा लिहून ठेवला की, अधिकाराची जागा कधीही रिकामी राहता कामा नये.

तबेल्यातला तो माणूस आणि आमचे अण्णा यांना शेजारी-शेजारी उभे करून पाहा. दोघेही नियमावर बोट ठेवून अडून बसले. एकाचे अडणे आपल्याला मूर्खपणाचे वाटते, दुसऱ्याचे शहाणपणाचे. असे का? माझ्या मते प्रशासनाचा सारा प्रश्न या फरकात आहे. अण्णांच्या नियमामागे दुसरा माणूस हजर होता. फक्त त्याला घाई झाली होती. तबेल्यातल्या माणसाच्या नियमामागे कुणीच नव्हते. अधिकाराची जागा रिकामी नको, हे फेयॉलने सांगितले. ती जागा कधी एकट्याची नको, हे अण्णांनी सांगितले. दोन्ही एकदम साधायचे म्हणजे कारभार.

या सहा किंवा सात कार्यांपैकी बहुतेक कामे माणसे आपोआप शिकतात. शाखा चालवणाऱ्याला नियोजन शिकवावे लागत नाही. पगाराचा आठवडा, दिवाळी आणि पीककर्जाचा हंगाम ते शिकवतात. रोकड जास्त ठेवली तर पैसा नुसता पडून राहतो, वर जोखीम. कमी ठेवली तर काउंटरवर ग्राहक चारचौघांत तुमची लाज काढतो. दोन वर्षांत अंदाज बसतो. संघटन म्हणजे भिंतीवरची ड्युटी लिस्ट. कोणते लेजर कुणाकडे, क्लिअरिंग कुणाकडे, कोण नसेल तर त्याचे काम कुणी करायचे. समन्वयही परिस्थितीच शिकवते, कारण क्लिअरिंग हाउस कुणासाठी थांबत नाही. काउंटरवरच्या माणसाने चेक उशिरा दिले की सगळी शाखा बोंबलते. अहवाल तर वरून मागितलेच जातात. शुक्रवारचे ठेवी-कर्जांचे आकडे पाठवले नाहीत तर शनिवारी फोन आलाच.

राहता राहिले ते शेवटचे कार्य, नियंत्रण. ते आपोआप येत नाही, आणि आपण ते नीट समजूनही घेतलेले नाही. याला शब्दही थोडा जबाबदार आहे. नियंत्रण म्हटले की डोळ्यांपुढे लगाम येतो, चाबूक येतो, केबिनमधून ओरडणारा साहेब येतो. फेयॉलने वापरलेल्या फ्रेंच शब्दाचे मूळ मात्र फार साधे आहे. इंग्रजीतला 'कंट्रोल'ही तिथूनच आला. 'रोल' म्हणजे नोंदीची गुंडाळी, यादी. तिच्यासमोर ठेवलेली दुसरी यादी, म्हणजे 'काउंटर-रोल'. एकाने लिहिलेली वही दुसऱ्याने लिहिलेल्या वहीशी ताडून पाहायची. यात हुकूमही नाही आणि दराराही नाही. आपल्या भाषेत यासाठी जुना, नेमका शब्द आहे तो पडताळा. पाठ्यपुस्तकांतून नियंत्रण काढून पडताळा घातला, तर निदान काही विद्यार्थ्यांना तरी कळेल की ही साहेबगिरी नव्हे.

संगणक येण्यापूर्वी बँकेत हा पडताळा रोज संध्याकाळी होई. दिवसभराची व्हाउचरे एका बाजूने मांडली जात, काउंटरांवरच्या स्क्रोलची बेरीज दुसऱ्या बाजूने. दोन्ही जुळले की दिवस संपला. दहा पैशांचा फरक आला तर सगळी शाखा बसून राही. नवीन मुले म्हणत, "साहेब, दहा पैसे मी खिशातून घालतो, पण घरी जाऊ द्या." त्यांना दरवेळी सांगावे लागे की बाबांनो, दहा पैशांचा फरक म्हणजे दहा पैशांची चूक नव्हे. एका बाजूला एक लाखाची चूक झालेली असते, दुसऱ्या बाजूला एक लाख आणि दहा पैशांची. दोन्ही एकमेकींना झाकतात आणि वर दहा पैसे तेवढे तरंगताना दिसतात. फरक खिशातून भरला तर चूक तशीच राहते आणि ती दाखवणारी खूण मात्र पुसली जाते.

ही समज आपल्याकडे परदेशातून आली असे कुणी मानू नये. सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत शिवछत्रपतींच्या गडांची व्यवस्था सांगितली आहे. गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तिघे सारख्या दर्जाचे अधिकारी असत. कोठाराचे काम कारखानिसाकडे. गडाच्या किल्ल्या, फौजेचा बंदोबस्त, हजेरी आणि हिशेब अशी कामे वाटलेली, आणि कारभार तिघांनी एकविचाराने करायचा. यामागचा हेतू उघड आहे. एकजण फितला म्हणून गड जाऊ नये. महाराजांचा आपल्या माणसांवर विश्वास नव्हता असे कोण म्हणेल? ज्यांच्यावर जिवापाड विश्वास, त्यांच्याच हाती गड दिले, आणि तरीही एकट्याच्या हाती दिले नाहीत. विश्वास आणि पडताळा यांत विरोध नाही, हे जाणणारी ती रचना होती.

हे सारे ठाऊक असूनही मी चुकलो, आणि ती हकीकत सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही.

१९९१ साल. मी एका शहरातल्या मोठ्या शाखेत बचत खात्यांच्या विभागाचा अधिकारी होतो. माझ्या हाताखाली एक कारकून होता. वागायला नम्र, हात विजेसारखा. इतर काउंटरांवर रांग लागे, त्याच्याकडे टोकन दिले आणि काम झाले. चार वर्षे तो त्याच लेजरवर होता. नियमाप्रमाणे त्याचे काम बदलायला हवे होते. पण बदलले तर महिनाभर गोंधळ होणार, म्हणून मी पुढे ढकलत गेलो. तो रजाही घेत नसे. त्याच्या गोपनीय अहवालात मी 'अत्यंत कार्यक्षम' असे लिहिले, आणि रजा न घेण्याचा खास उल्लेख गुण म्हणून केला.

महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली दुपार. पेन्शनरांची गर्दी, दोन माणसे रजेवर, आणि वरच्या कार्यालयाचा फोन. कुठले तरी स्टेटमेंट आत्ताच्या आत्ता हवे होते. त्याने माझ्यापुढे पैसे काढण्याची स्लिप ठेवली. खाते बरीच वर्षे व्यवहार नसलेले. अशा खात्याचे लेजर वेगळे असते आणि त्यातून पैसे द्यायचे तर अधिकाऱ्याने नमुन्याच्या सहीचे कार्ड स्वतः काढून सही ताडायची असते. तो म्हणाला, "साहेब, कार्ड पाहिलंय मी." माझा एक कान फोनला होता. मी सही केली. महिन्याभराने असेच पुन्हा घडले. मी पुन्हा सही केली.

ते खाते एका विधवा बाईंचे होते. तीन वर्षे त्या परगावी मुलीकडे राहायला गेल्या होत्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पैसे काढायला आल्या आणि पासबुक भरून घेतले तेव्हा दहा हजार पाचशे रुपये कमी निघाले. १९९१ साली त्या रकमेचे मोल काय होते ते त्या वयाच्या वाचकांना सांगायला नको. त्या माझ्या टेबलासमोर बसल्या. मी दोन्ही स्लिपा काढल्या. त्यांच्या नावाची खोटी सही आणि तिच्या शेजारी माझी खरी सही. बाईंनी स्लिप डोळ्यांजवळ नेऊन पाहिली आणि अगदी शांतपणे विचारले, "ही तुमचीच ना? मग तुम्ही पाहिलं असेलच की."

आरोप करायचा म्हणून त्या तसे म्हणाल्या नव्हत्या. त्यांना खरोखरच वाटत होते की बँकेतल्या साहेबाने सही केली म्हणजे त्याने पाहिले असणार. सही या गोष्टीचा अर्थ त्यांना माझ्यापेक्षा नीट माहीत होता.

चौकशी झाली. बँकेने बाईंना पैसे व्याजासह परत दिले. मला मेमो मिळाला, एक वेतनवाढ गेली. ते रास्तच होते. कारकुनाची नोकरी गेली. त्याच्यावर कर्ज झाले होते आणि पहिल्यांदा घेतलेली रक्कम तो परत भरणार होता, असे त्याने चौकशीत सांगितले. खरे असेल, खोटे असेल. एका रविवारी त्याची बायको दोन लहान मुलांना घेऊन माझ्या घरी आली. "साहेब, तुम्ही पहिल्याच वेळेला त्यांना पकडलं असतं तर..." एवढेच म्हणाली आणि पुढे तिला बोलता येईना. मला अण्णांची आठवण झाली. दुसरी किल्ली तिजोरीतल्या पैशांच्या रक्षणासाठी असते, असे मी इतकी वर्षे समजत होतो. ती पहिली किल्ली बाळगणाऱ्या माणसाच्या रक्षणासाठीही असते. मी कार्ड काढून पाहतो हे त्याला ठाऊक असते, तर तो मोह त्याला कदाचित झालाच नसता. मी त्याच्यावर विश्वास टाकला असे मी स्वतःला सांगत होतो. खरे म्हणजे मी त्याला एकटा सोडला होता.

कादंबरी लिहिताना मी माणसांच्या मनात शिरायचा प्रयत्न करतो. कारभारात ती मुभा नाही. कारकुनाच्या मनात काय चालले आहे ते अधिकाऱ्याला कळणे शक्य नाही आणि कळायची गरजही नाही. त्याने कार्ड काढून सही ताडली की पुरे. माणसाची पारख करण्याची जबाबदारी साहेबावर नसते, ही या व्यवस्थेतली मोठी सोय आहे. आपण मात्र "माणूस चांगला आहे" असे म्हणून ती ओढवून घेतो आणि हातातले सोपे काम सोडून देतो.

लहान शाखेत दहा हजारांनी जे घडले तेच मोठ्या संस्थांत मोठ्या आकड्यांनी घडते. १७६२ साली स्थापन झालेली लंडनची बेअरिंग्ज बँक १९९५ च्या फेब्रुवारीत कोसळली. तिच्या सिंगापूरच्या कार्यालयात एकच तरुण सौदेही करत होता आणि त्या सौद्यांचे हिशेब जुळवण्याचे कामही त्याच्याच देखरेखीखाली होते. दोन्ही किल्ल्या एकाच खिशात. ही कामे वेगळी करा, असे बँकेच्याच अंतर्गत तपासनिसांनी आदल्या वर्षी लिहून दिले होते. तो मुलगा नफा कमावून देतो आहे असे वर सर्वांना वाटत होते, त्यामुळे ते कुणी मनावर घेतले नाही. ब्याऐंशी कोटी सत्तर लाख पौंडांचा तोटा झाला आणि दोनशे तेहतीस वर्षांची बँक एका पौंडाला विकली गेली.

आपल्याकडे २०१८ च्या फेब्रुवारीत पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या एका शाखेतले हमीपत्रांचे प्रकरण बाहेर आले. बँकेच्या निवेदनात आकडा अकरा हजार कोटींच्या वर होता. परदेशी संदेश पाठवण्याची 'स्विफ्ट' ही यंत्रणा बँकेच्या मुख्य संगणकप्रणालीला जोडलेली नव्हती, म्हणजे एका वहीसमोर दुसरी वही नव्हतीच. ज्या अधिकाऱ्यावर ठपका आला तो सुमारे सात वर्षे त्याच शाखेत होता. खटल्यांचा निकाल न्यायालये लावतील. मला त्यातली एकच गोष्ट बोलकी वाटते. हा प्रकार तपासणीत सापडला नाही. तो अधिकारी निवृत्त झाल्यावर नव्या माणसाकडे नेहमीप्रमाणे हमीपत्र मागायला पक्षकार आले, त्याने तारण म्हणून पूर्ण रकमेची मागणी केली, "पूर्वी तर असं काही लागत नव्हतं" असे उत्तर मिळाले आणि मग जुन्या नोंदी शोधल्या तर त्या नव्हत्याच. खुर्चीतला माणूस बदलला हाच पडताळा ठरला. २०२१ साली रिझर्व्ह बँकेने नाजूक जागांवरच्या कर्मचाऱ्यांना दरवर्षी सलग किमान दहा कामकाजाच्या दिवसांची सक्तीची रजा, तीही पूर्वसूचना न देता, द्यायला सांगितले त्यामागे हेच शहाणपण आहे. रजा न घेणाऱ्या माणसाचे कौतुक करणारा अहवाल लिहिलेला मी, ते परिपत्रक वाचताना वरमलो.

संगणकाने हे काम सोपे केले असे म्हणतात आणि ते निम्मे खरे आहे. आता दहा पैशांसाठी रात्री बसावे लागत नाही. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने मंजूर करायची, ही सोय यंत्रातच घातलेली आहे. पण मंजुरीचा पासवर्ड हीच आता दुसरी किल्ली आहे, आणि माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत गर्दीच्या वेळी केबिनमधून "अरे, माझा पासवर्ड टाक आणि करून घे" असे ओरडणारे अधिकारी मी पाहिले आहेत. तीनची एस.टी. तेवढी बदलली आहे.

आता याची दुसरी बाजू. एक सही कमी पडली की नुकसान होते, म्हणून आपण सह्या वाढवतो. सरकारी कार्यालयातली फाइल कारकुनाकडून निघते आणि टेबलाटेबलांवर टिपण्या गोळा करत वर जाते. 'सादर', 'मान्यतेस्तव', 'कृपया चर्चा करावी'. अकरा सह्या झाल्या म्हणजे अकरा जणांनी पाहिले असे वाटते. माझा अनुभव उलटा आहे. दोघांनी सही करायची असेल तर दुसरा पाहतो. अकरांनी करायची असेल तर पहिल्याला वाटते पुढचे दहा पाहतीलच, आणि अकराव्याला वाटते आधीच्या दहांनी पाहिले असणार. आणि त्यातला एक प्रशिक्षणाला गेला, त्याचा कार्यभार कुणाकडेच दिलेला नसला, की कुणा म्हाताऱ्या शिक्षकाचे निवृत्तिवेतन तबेल्यातल्या घोड्यासारखे उभे राहते. आपल्या राज्यात २००५ चा कायदा आहे. सर्वसाधारणपणे एका कर्मचाऱ्याकडे फाइल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये आणि बहुतेक अधिकाऱ्यांचा एका जागेवरचा काळ सामान्यतः तीन वर्षांचा असावा, असे त्यात म्हटले आहे. फेयॉलचा धडा आणि अण्णांचा धडा, दोन्ही एकाच कायद्यात आहेत. कायदा कमी पडला असे म्हणता येणार नाही. त्याच्यामागे बसलेली माणसे आपण सही कशावर करतो आहोत ते वाचतात का, हा प्रश्न उरतो.

आणि ती वाचत नसतील तर दोष त्यांचा एकट्यांचा नाही. दिवसाला दोनशे सह्या करायला लावून प्रत्येक सही डोळे उघडे ठेवून करा असे सांगणे हा ढोंगीपणा आहे. त्या दुपारी फोनवरचे साहेब स्टेटमेंट मागत होते आणि समोर कार्ड काढायला वेळ नव्हता. दोन माणसे एकदम रजेवर सोडली हे नियोजन चुकले होते. चार वर्षे एकच माणूस एका लेजरवर ठेवला हे कर्मचारी व्यवस्थापन चुकले होते. फोन ठेवून आधी ग्राहकाचे काम पाहा, असे मला कुणी सांगितले नव्हते आणि मलाही सुचले नाही. बारावीच्या पुस्तकातली सगळी कार्ये एकेक करून आधी ढासळली, आणि मग शेवटी ती सही झाली. पडताळा शेवटी येतो. पण त्याला लागणारा वेळ आणि माणूस आधीच्या साऱ्या कार्यांनी राखून ठेवायचा असतो. ती कार्ये त्यासाठी आहेत.

वाचक म्हणतील, आम्ही ना बँकेत ना मंत्रालयात, आम्हाला याचे काय? आपण कुठल्या ना कुठल्या सोसायटीचे, पतसंस्थेचे, शाळेच्या मंडळाचे, निदान गणेशोत्सव समितीचे सभासद आहोतच. संस्थेच्या चेकवर अध्यक्ष आणि खजिनदार अशा दोघांच्या सह्या लागतात. आता आपल्या संस्थेचे चेकबुक उघडून पाहा. अध्यक्ष गावाला जाणार म्हणून त्यांनी दहा कोऱ्या चेकांवर सह्या करून ठेवल्या आहेत की नाही? "खजिनदार आपलाच माणूस आहे" असेच तिथे म्हटले जाते ना? तो आपला माणूस आहे म्हणूनच ते कोरे चेक आज फाडून टाका. अध्यक्ष गावाला गेले तर सही कुणी करायची याचा ठराव करा. वार्षिक सभेत हिशेबाचा कागद आला की "वाचला असे समजू या" म्हणून हात वर करू नका. दोन आकडे विचारा. खजिनदार प्रामाणिक असेल तर त्याला बरे वाटेल, कारण वर्षभर ते आकडे एकट्याने सांभाळून तो थकलेला असतो.

त्या बाईंचे ऑपरेशन झाले. दिसू लागल्यावर त्या दर महिन्याला बँकेत येत. स्वतःच्या हाताने स्लिप भरत, पैसे घेत आणि मग माझ्या टेबलापाशी येऊन पासबुक पुढे करत. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून विचारत, "पाहिलंत ना?" पहिल्या वेळी मला ते फार लागले. नंतर कळले की त्या टोमणा मारत नव्हत्या. त्यांना फक्त कुणीतरी पाहिल्याची खात्री करून घ्यायची होती. माझी बदली होईपर्यंत अडीच वर्षे हे चालले. मी दरवेळी लेजर उघडत असे, आकडा ताडत असे आणि म्हणत असे, "पाहिलं." मग त्या पासबुक पिशवीत ठेवत.